गाळाची नोंद



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझी बहुतेक नोकरी हिमालयातल्या वीजगृहांत, देखभालीच्या कामात गेली. त्यामुळे आज मी गाळाविषयी बोलणार आहे.

माझी उमेदवारी सह्याद्रीत झाली. कोयनेसारख्या प्रकल्पात पाणी आधी मोठ्या जलाशयात थांबते, जड कण तिथेच तळाशी बसतात. शिवाय आपला काळा पाषाण बेसाल्टचा. त्याच्या मुख्य खनिजांत गारगोटी नाही. त्यामुळे पाणी यंत्र झिजवते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, हाताला ठाऊक नव्हते. हिमालयातल्या पहिल्या पावसाळ्यानंतर एक मशीन उघडले. बसवताना ज्या गाईड व्हेनची, म्हणजे पाण्याला दिशा देणाऱ्या पात्याची, मापे मीच घेतली होती, तिच्या कडेला करवतीसारखे दाते लागत होते. अंगावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटली होती. चार महिन्यांत नदीने पोलाद कोरून काढले होते.

यामागचे कारण साधे आहे: हिमालयातल्या गाळात ही गारगोटी असते. गारगोटीची कठीणता मोहस् मापनात ७ आहे, टर्बाइनचे पोलाद त्याहून मऊ. त्यात वेगाची भर पडते. झीज साधारणपणे वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर झीज आठपट. ५०० मीटर हेडच्या, म्हणजे तेवढ्या उंचीवरून पाणी पडणाऱ्या, पेल्टन टर्बाइनमध्ये पाण्याची धार सेकंदाला जवळपास १०० मीटर वेगाने चाकावरच्या बादलीवर आदळते. त्या धारेतला वाळूचा बारीक कणही छिन्नीसारखा लागतो. बादलीची मधली धारदार कड बोथट होते आणि पाणी दोन्हीकडे नीट दुभंगत नाही. फ्रान्सिस टर्बाइनमध्ये गाईड व्हेन आणि तिच्या वरखालच्या प्लेटांमधली फट रुंदावते. त्या फटीतून पाणी आडवे घुसते, भोवरे करते आणि रनरच्या, म्हणजे फिरत्या चक्राच्या, पात्यांवर चुकीच्या कोनात पोचते. फट झीज वाढवते आणि झीज फट वाढवते.

नेपाळमधल्या झिमरुक वीजगृहाचे उदाहरण आपल्या क्षेत्रात नेहमी दिले जाते. १२ मेगावॉटचे हे छोटे वीजगृह, तीन फ्रान्सिस टर्बाइनांचे. २००३ साली तिथे एकाच हंगामात सर्वोत्तम भारावरची कार्यक्षमता सुमारे ४ टक्के घसरल्याचे मोजले गेले, तर पाव भारावर सुमारे ८ टक्के. भार कमी असला की एकूण प्रवाहाच्या मानाने फटीतली गळती मोठी ठरते, म्हणून फटका दुप्पट.

आता सतलजवरच्या नाथपा झाकडी वीजगृहाकडे पाहा. २५० मेगावॉटची सहा मशीन, एकूण १५०० मेगावॉट, हेड सुमारे ४२८ मीटर. ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण खाली बसावेत म्हणून तिथे भूगर्भात ५२५ मीटर लांबीचे चार गाळ-निवारण कक्ष खोदले आहेत. तरीही त्याहून बारीक गारगोटी पुढे जातेच. एवढ्या क्षमतेच्या वीजगृहात १ टक्का म्हणजे १५ मेगावॉट. पावसाळ्याचे १२० दिवस पूर्ण भाराने मशीन चालली, तर तो १ टक्का ४ कोटी ३२ लाख युनिट होतो.

हा टक्का डोळ्यांना दिसत नाही. ४२८ मीटर हेडमधली सगळी ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच मुरली, तर पाणी जेमतेम १ अंश सेल्सिअसने तापेल. म्हणजे १ टक्का तोट्याची खूण अंशाचा शंभरावा भाग. तो मोजणारी उपकरणे आपल्याकडे आहेत. मोजायची सवय मात्र सगळीकडे नाही.

उपाय आपण बरेच शोधले. टंगस्टन कार्बाइडचा लेप गारगोटीहून कठीण असतो, पण रनरच्या अरुंद वाटांत तो सगळीकडे पोचत नाही, आणि एका जागी टवका उडाला की खालचे पोलाद उघडे पडते. रनर थोडा मोठा ठेवून आतला वेग १० टक्के कमी केला, तर तिसऱ्या घाताच्या त्याच हिशेबाने झीज २७ टक्के कमी होते. खर्च वाढतो, पण तो एकदाच. हा विचार खरेदीच्या वेळी व्हायला हवा.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र मशीन योग्य वेळी बंद करण्याचा आहे. वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यात येतो आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत. जून २००५ मध्ये तिबेटातले परछू सरोवर फुटले आणि सतलजला पूर आला, तसे दिवस टाळता येतात. पाण्यातल्या गाळाने पीपीएमची (दशलक्ष भागांत किती भाग गाळ याची) मर्यादा ओलांडली की मशीन थांबवायचे, असा नियम अनेक वीजगृहांत आहे. पण ती मर्यादा ओलांडली जाते नेमकी भरपूर पाण्याच्या रात्री, जेव्हा प्रत्येक युनिटचा हिशेब मागितला जातो. त्या रात्री पाळीवरचा अभियंता एकटा असतो. ‘बंद करा’ म्हणण्याचा अधिकार त्याला लेखी मिळाला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारला जाता कामा नये. वाचलेली पाती हीसुद्धा निर्मितीच आहे.

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाची ६२३६४ क्रमांकाची मार्गदर्शिका २०१३ पासून आपल्या हाताशी आहे. पण तिच्यातली सूत्रे आपल्या नोंदींवाचून पांगळी आहेत. गाळ किती, कण केवढे, त्यात गारगोटी किती, हे रोज लिहिले नाही, तर पुढचा रनर आपण पुन्हा कारखान्यातल्या स्वच्छ पाण्याच्या हमीवर विकत घेऊ.

म्हणून माझी एकच विनंती आहे. प्रत्येक वीजगृहाने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कार्यक्षमतेची चाचणी घ्यावी, तिच्याशेजारी गाळाची नोंद ठेवावी आणि दोन्ही आकडे पुढच्या परिषदेत मांडावेत, घसरलेले असले तरी. घसरलेला आकडा लपवला, तर तीच झीज दुसऱ्या नदीवरचा आपला सहकारी पुन्हा पहिल्यापासून शिकेल. मी तो पहिला पावसाळा असाच शिकलो. तुमच्यातल्या तरुणांना ते शिक्षण कागदावर तयार मिळावे, एवढेच मागतो.