रजिस्टरात नाव लागण्यासाठी



अध्यक्षपदाला आपण कसे अपात्र आहोत हे अध्यक्षाने आधी सांगायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. तेवढा वेळ मी वाचवते. उपनगरातल्या परिचारिकांच्या मेळाव्यात उपनगरातल्याच वॉर्डांत नोकरी सरलेल्या बाईला तुम्ही बोलावलंत, हे बरं केलंत. आभार मानते आणि कामाचं बोलते.

दर 12 मे रोजी आपण फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घालतो, दिवे लावतो, सेवेची शपथ घेतो. ते करावंच. पण सेवेची शपथ घेतल्याने कोणाचा पगार ठरला नाही आणि कोणाचं शिक्षणही मोजलं गेलं नाही. ते घडवलं परिचारिकांच्या संघटनांनी, परीक्षांनी आणि रजिस्टरांनी. त्यातली मुंबई इलाख्यातली एक महत्त्वाची संस्था म्हणजे 1909 साली स्थापन झालेली बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन. आज तिच्याविषयी बोलायचं ठरवलं आहे.

त्या वेळी आपण बसलो आहोत ही जागा मुंबईत नव्हती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही साष्टीतली गावं ठाणे जिल्ह्यात होती. उपनगर जिल्हा झाला 1920 साली. इथे भाताची शेतं होती, वाड्या होत्या, आगगाडीची स्टेशनं होती. मोठं इस्पितळ मात्र नव्हतं. बाळंतपण गावच्या सुईणीच्या हाती. अडलेली बाई गाडीत घालून शहरात न्यायची, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात किंवा 1886 साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयात. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे स्त्रियांचं रुग्णालय स्त्री डॉक्टर चालवत, आणि तिथे परिचारिकाही शिकून तयार होऊ लागल्या. मुंबईत 1891 साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका म्हणून आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. परीक्षेत एका गुणाला येतं ते! पण त्या बाईंना नोकरी देणाऱ्यांनी त्यांचं शिक्षण कशावर मोजलं असेल, हा प्रश्न आपल्याला कोणी घातला नाही.

उत्तर असं, की तेव्हा सगळ्या इलाख्याचं एक माप नव्हतंच. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने शिकवायचं आणि आपापलं प्रमाणपत्र द्यायचं. मेट्रनबाईंनी लिहून दिलेली चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी ही अनेकींची खरी मिळकत. मेट्रनची मर्जी गेली की चिठ्ठीही गेली. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला, तेव्हा या अव्यवस्थेची किंमत शहराने मोजली. जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालयं उघडली, इंग्लंडहून परिचारिका आणाव्या लागल्या. शिकलेले हात कमी होते, आणि कोण किती शिकलं आहे हे सांगणारं इलाख्याचं रजिस्टरही नव्हतं. पुण्याजवळ त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्याकडे कसलं प्रमाणपत्र होतं? त्यागाला ते लागत नाही. व्यवसायाला मात्र लागतं, आणि आपला व्यवसाय नुसत्या त्यागावर चालवता येणार नाही, हे पुढच्या दहा-बारा वर्षांत लोकांना उमगलं.

त्या काळच्या नर्सिंग असोसिएशन म्हणजे आजच्यासारखे कर्मचारी संघ नव्हते, हे तरुण मंडळींनी लक्षात घ्यावं. एकेका मोठ्या रुग्णालयाला जोडून स्थानिक असोसिएशन असे. शहरातले सधन लोक वर्गणी देत, सरकार अनुदान देई, आणि त्या पैशातून परिचारिका नेमल्या जात, शिकवल्या जात. म्हणजे परिचारिकांच्या नावाची संस्था, पण तिचा गाडा दाते, अधिकारी आणि डॉक्टर यांच्या हाती. 1909 च्या असोसिएशनने या विखुरलेल्या कामाला इलाख्याच्या पातळीवर एकत्र बांधायला घेतलं. शिक्षणाचा दर्जा ठरवणं, सामायिक परीक्षा घेणं, उत्तीर्ण होणाऱ्यांची नोंद ठेवणं, ही तिची कामं.

आज ही कामं रुक्ष वाटतात. पण त्या काळच्या एखाद्या विधवा मुलीच्या जागी उभं राहून पाहा. सामायिक परीक्षा म्हणजे तिच्या वॉर्डातल्या सिस्टरचा तिच्यावर राग असला, तरी पेपर तपासणारा दुसराच कोणी. रजिस्टरात नोंद म्हणजे मुंबईत शिकलेली मुलगी पुण्याला गेली, तरी पहिल्यापासून सुरुवात नको. कोणाच्याही मेहरबानीवर न टिकणारी गोष्ट तिच्या हाती आली. माझ्या मते असोसिएशनचं सगळ्यात मोठं काम हेच.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने परिचारिका स्वतःही एकत्र येत होत्या. 1905 साली लखनौला नर्सिंग सुपरिंटेंडेंट्सची संघटना झाली. 1908 साली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया आली, 1910 च्या फेब्रुवारीत तिचं 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' निघालं, 1912 साली ती आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेशी जोडली गेली आणि 1922 साली दोन्ही संघटना एक झाल्या. सुरुवातीच्या या संघटनांत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन बायकांचाच भरणा होता, हे झाकून ठेवायचं कारण नाही. आपल्या मराठी घरांतल्या मुलींना तिथवर पोहोचायचं तर आधी उंबरठा ओलांडावा लागे. त्यासाठी झिजल्या रमाबाई रानडे. 1908 साली मुंबईत समाजसुधारक मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवा सदन काढलं, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात रमाबाई आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवा सदन उभं केलं. पुण्याच्या मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, हे तेव्हाच्या पांढरपेशा समाजाला सोसवणारं नव्हतं. सेवा सदनाच्या बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक तरुण विधवा मंचावर येताच शिकलेली पोरं हसली, तेव्हा रमाबाईंनी भर सभेत त्यांना खडसावलं. परीक्षा आणि नोंद यांची व्यवस्था असोसिएशन लावत होती. त्या परीक्षेला बसणाऱ्या मुली रमाबाईंसारख्या बायका घडवत होत्या. यातलं एक नसतं तर दुसरं वाया गेलं असतं.

1918 चा इन्फ्लुएंझा आला तेव्हा या तयारीची कसोटी लागली. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात मुंबईत 768 माणसं दगावली. प्रतिजैविकं नव्हती, सलाईन घरोघरी पोहोचलेलं नव्हतं. ताप उतरवणं, पाणी पाजणं, कूस बदलणं, न्यूमोनिया होतोय का यावर डोळा ठेवणं, एवढाच इलाज होता, आणि तो सगळा नर्सिंगचा. तरी शिकलेल्या बायका पुरेशा नव्हत्या. 1946 साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हाही देशात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 माणसांमागे एक.

नोंदणीला कायद्याचं बळ मिळायलाही वेळ लागला. मद्रासला 1926 साली नोंदणी परिषद आली, मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा कायदा झाला 1935 साली. म्हणजे स्वयंसेवी संस्थेने पाव शतक चालवलेलं काम सरकारने मग अंगावर घेतलं. पुढे 1947 चा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा, 1966 चा महाराष्ट्राचा कायदा, आणि 2023 साली संसदेने संमत केलेला राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा. साखळी एकच आहे.

या रजिस्टराची दुसरी बाजूही सांगते. जिचं नाव त्यात लागलं ती परिचारिका. जिचं लागलं नाही तिचं काय? साष्टीतल्या त्या सुईणीला लिहिता येत नव्हतं. तिच्या हातांना पिढ्यांचा सराव होता आणि नखांत जंतूही होते. ती दोषी नव्हती आणि निर्धोकही नव्हती. तिला शिकवून आत घेण्याचे प्रयत्न झाले, पण अपुरे. ती हळूहळू बाजूला पडली.

हे मी जुनं उकरायला सांगत नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. त्यांच्या नोंदणीचा 1949 चा कायदा पात्र परिचारिकांची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात काय असतं, ते या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. बारावी झालेली पोरगी पांढरा कोट घालून इंजेक्शन देते, नातेवाईक तिला सिस्टर म्हणतात. ब्युरोमार्फत घरी येणारी बाई अर्धांगाच्या आजोबांची ट्यूब सांभाळते, बारा तास. चूक झाली तर बदनामी तिची आणि आपल्या सगळ्यांची. कौतुकाची आणि जबाबदारीची वेळ आली की आपण हात झटकून म्हणतो, "ती नर्स नव्हे हो." 1909 पूर्वीची चिठ्ठी घेऊन फिरणारी बाई आणि नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून येणारी ही पोरगी यांची अडचण एकच आहे: तिला येतं ते मोजायला कोणी नाही, आणि येत नाही ते शिकवायलाही कोणी नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: उपनगरातल्या नोंदणीकृत परिचारिकांनी आपल्या वॉर्डापुरतं न पाहता आपल्या विभागातल्या नर्सिंग होमचीही खबर ठेवावी, आणि पात्र स्टाफ नसेल तिथे संघटनेच्या नावाने, लेखी विचारणा करावी. तोंडी कुरकुरीला उत्तर द्यायला कोणी बांधील नसतं. दुसरी: घरी शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठी आपण सुट्टीच्या दिवशी मराठीतून वर्ग घ्यावेत. शय्याव्रण टाळणं, हात धुणं, ट्यूबची निगा, आणि डॉक्टरला कधी बोलवायचं, एवढं तरी. त्यांना परिचारिका म्हणायचं नाही, पण अडाणी ठेवून त्यांच्या नावाने बोटंही मोडायची नाहीत. ज्यांचं वय आणि शिक्षण बसतं, त्यांना एएनएमच्या प्रवेशाची वाट दाखवायची. तिसरी: संघटनेची सूत्रं. शंभर वर्षांपूर्वी ती दात्यांच्या हाती होती. आज ती मोजक्या ज्येष्ठांच्या, म्हणजे माझ्यासारख्यांच्या हाती राहिली, तर फार फरक पडला असं म्हणता येणार नाही. कार्यकारिणीत खासगी रुग्णालयातल्या, कंत्राटावरच्या मुलींना जागा राखून द्या. मल्याळी सिस्टर आणि मराठी सिस्टर वेगवेगळ्या टेबलांवर डबा खातात, तेही थोडं कमी करा.

या सूचना ठराव म्हणून खुल्या अधिवेशनात मांडाव्यात. माझ्या मानासाठी हात वर करू नका. कलमागणिक वाद घाला, न पटेल ते खोडा, आणि जे उरेल त्याच्यापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या अधिवेशनात नव्या अध्यक्षांनी भाषणाआधी त्याचा हिशेब विचारावा.