वामनदादांचे सर्वांत चांगले गाणे कोणते?

(बेल्हे येथे मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मंडळाने मला 'लोककवी वामनदादा कर्डक' हा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. दादांनी हजारो गाणी रचली. ती सगळी एका व्याख्यानात मावणार नाहीत. म्हणून मी एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे. हा प्रश्न माझा नाही, तुमचाच आहे. एप्रिल महिना जवळ आला, जयंतीची वर्गणी सुरू झाली की वस्तीवस्तीत आणि वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत तो निघतो. दादांचे सर्वांत चांगले गाणे कोणते? एक जण एका गाण्याचे नाव घेतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, तिसरा थेट गायलाच लागतो. हा वाद कित्येकांना पोरकट वाटतो. मला तसे वाटत नाही. कोणते गाणे आपण वर ठेवतो यावरून आपण चळवळीकडून काय मागतो ते कळते. म्हणून हा वाद मिटवू नये, नीट घालावा, अशी माझी विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी थोडी ओळख करून देतो. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. लहानपणी शाळा मिळाली नाही. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत काम केले, कोळसा उचलला, चिक्की विकली. चाळीतल्या एकाने वाचून दाखवायला पत्र पुढे केले आणि आपल्याला अक्षर येत नाही याचे दुःख त्यांना फार झाले, अशी हकीकत सांगितली जाते. मग वयाच्या विशीत ते अक्षरे शिकले. जोडाक्षरे त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचून पक्की केली म्हणतात. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले आणि त्यानंतर सहा दशके ते रचत आणि गात राहिले. 'वाटचाल' १९७३ मध्ये, 'मोहळ' १९७६ मध्ये आणि 'हे गीत वामनाचे' १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी चित्रपटांतही त्यांची गाणी आली. १५ मे २००४ रोजी ते आपल्यातून गेले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कर्डक आडनावाचे दोन मोठे कलावंत नाशिक जिल्ह्याने दिले. भीमराव कर्डक आधीचे. त्यांचा आंबेडकरी जलसा १९३० च्या दशकात गाजला. जलसा म्हणजे मेळ्याचे काम. गण, फार्स, संवाद, वग असा सगळा संच असे आणि एका माणसाला तो पेलत नसे. या जलशाच्या मागे सत्यशोधक जलशाची परंपरा होती. आपल्या जुन्नर तालुक्याला सत्यशोधक विचार नवा नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे ओतूरचे. वामनदादा पुढच्या काळातले. त्यांच्या काळात जलसा मागे पडत गेला आणि गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने रात्र-रात्र रंगू लागले. दादांनी मेळ्याचे सगळे ओझे एका गाण्यावर आणले. रचणारा तोच, चाल देणारा तोच, गाणाराही तोच. जे सांगायला वगाला दोन तास लागत ते चार कडव्यांत सांगायचे, अशी ही नवी अट होती. त्यांचे कोणतेही गाणे पारखताना ही अट ध्यानात धरली पाहिजे.

आता वादाकडे येऊ. या वादात मला साधारण चार पक्ष दिसतात.

पहिला पक्ष ज्येष्ठांचा. त्यांच्या मते बाबासाहेबांच्या जन्माने कोटी कुळे उद्धरली, असे सांगणारे गाणेच सर्वांत वरचे. हे गाणे लागले की म्हातारी माणसे उठून उभी राहतात. 'यात विचार कुठे आहे, ही तर नुसती स्तुती' असे तरुण म्हणतात. त्यासाठी ते बाबासाहेबांचाच दाखला देतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल कडक इशारा दिला होता, तो खराच आहे. पण ज्यांनी गावकुसाबाहेरचे दिवस अंगावर काढले, ज्यांना मान वर करून चालण्याची चोरी होती, त्यांच्या तोंडी हे गाणे म्हणजे आरती नव्हे. आपल्या जगण्यात काय बदल झाला याची ती साक्ष आहे. साक्ष देणाऱ्याला 'विचार कुठे आहे' असे विचारणे योग्य नाही. मात्र ज्याने तो बदल भोगलेला नाही, त्याने तेच गाणे नुसते म्हटले तर त्याची आरती व्हायला वेळ लागत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा पक्ष कामगारांचा आणि कॉलेजातल्या वाचणाऱ्या मुलांचा. त्यांचे आवडते गाणे म्हणजे टाटा-बिर्लांची नावे घेऊन 'देशाच्या धनात आमचा वाटा कुठे आहे' असे विचारणारे गाणे. या पक्षाची बाजू भक्कम आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. हा विचार पुस्तकांतून किती घरांत पोहोचला असता? दादांनी तो ढोलकीच्या ठेक्यावर बसवला आणि पुस्तक न वाचलेल्या माणसाच्या तोंडी दिला. शिवाय गाणे गमतीचे आहे. ऐकणारा आधी हसतो आणि हसता हसता हिशेब मागायला लागतो.

तिसरा पक्ष समूहाने गाणाऱ्यांचा. त्यांना 'तुफानातले दिवे' प्रिय आहे. या गाण्यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. चांगला गळा असलेल्या एकट्याने ते गायले तर ठीक वाटते, पण पन्नास बेसूर माणसांनी मिळून गायले तर अंगावर काटा येतो. ज्या गाण्याला चांगल्या गळ्याची गरज लागत नाही ते खरे लोकगीत, असे या पक्षाचे म्हणणे आहे आणि ते सहज खोडता येत नाही.

चौथा पक्ष लहान आहे. तो म्हणतो, तुम्ही दादांना फक्त जयंतीपुरते ठेवले. शेत, पाऊस, संसार, प्रेम यांवरची त्यांची गाणी कोण गातो? ही तक्रार रास्त आहे. निळ्या मंडपाखाली जे बसत नाही ते गाणे आपण विसरलो. त्यात नुकसान आपले झाले, कारण दुःखाबरोबर हसणारा, रुसणारा, झाडापाखरांत रमणारा माणूसही आपल्याच वस्तीत राहतो.

आता निवाडा कसा करायचा? आपल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल पारखणारी माणसे इथे बसलेली आहेत. शिंगे रंगवली, गळ्यात घुंगुरमाळ घातली, पाठीवर झूल टाकली म्हणून कोणी बैल घेत नाही. दात बघतात, खूर बघतात आणि चार पावले चालवून बघतात. गाण्याचेही तसेच करावे. आज गाणी आपल्याकडे झूल पांघरूनच येतात. मोठमोठे ध्वनिवर्धक, डीजे, मधेमधे पेरलेल्या घोषणा. ती झूल बाजूला करून तीन कसोट्या लावाव्यात असे मी सुचवतो.

पहिली कसोटी, गाणे वाद्यांशिवाय म्हणून बघावे. भाकरी थापताना, भात लावताना, एस.टी.त बसून ते गुणगुणता येते का? दुसरी, गाणे पुरते ऐकावे. ध्रुवपद सगळ्यांनाच पाठ असते, गाण्याचे बळ कडव्यांत असते. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. गाणे संपल्यावर ते गाणाऱ्याकडे काही मागते का?

या तीन कसोट्यांवर माझे मत 'पाच लोक' या गाण्याला आहे. बाबासाहेबांच्या मताचे खरेखुरे पाच लोक जरी असते तरी चित्र निराळे दिसले असते, असा त्याचा आशय. विद्यार्थ्यांनी त्याची रचना पाहावी. गाणे पुन्हा पुन्हा 'असते' या शब्दावर येऊन थांबते. व्याकरणात याला आपण संकेतार्थ म्हणतो. अमुक असते तर तमुक झाले असते, म्हणजेच ते नाही आणि म्हणून झाले नाही. साऱ्या गाण्यात दादा कोणाला शिवी देत नाहीत, कोणाचे नाव घेत नाहीत. फक्त क्रियापदाचे रूप असे निवडतात की आरोप आपोआप ऐकणाऱ्यावर येतो. बोलण्यात बाबासाहेब आणि वागण्यात दुसरेच कोणी, हे आपल्याला जाहीर सभेत आपल्याच माणसाने, तेही गोड चालीवर ऐकवले. त्यातला आकडाही पाहा. पाच हजार नव्हे, पाच लाख नव्हे, फक्त पाच. कोणत्याही वाडीत, कोणत्याही घरकीत पाच माणसे असतातच. त्यामुळे कोणालाही पळवाट राहत नाही.

यावर एका ज्येष्ठ उपासकांनी मागे एकदा मला चांगला सवाल केला होता. ते म्हणाले, "लग्नात, बारशात, जयंतीत माणसे आनंदाला जमतात. तिथे हे टोचणारे गाणे कशाला?" त्यांचे म्हणणे मी डावलत नाही. कोटी कुळांच्या गाण्याने माणूस उभा राहिला, हे मान्य केल्याशिवाय 'पाच लोक' गाण्याला अर्थच उरत नाही. जो अजून वाकलेला आहे त्याला जाब विचारता येत नाही. आधी उभे करणारे गाणे आणि मग जाब विचारणारे गाणे, असा तो क्रम आहे. दोन्ही एकाच कवीची आहेत, यातच दादांचे मोठेपण आहे. पण उभे राहून आपल्याला आता बराच काळ लोटला. आजच्या घडीला आपल्याला दुसऱ्या गाण्याची गरज अधिक आहे, म्हणून माझे मत त्याला.

तुमचे मत वेगळे असू शकते. ते जरूर असावे. पण वाद घालण्याआधी एक काम तातडीचे आहे आणि आजच्या बोलण्यात मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते.

संतांच्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येते, कबीराच्या दोह्यात कबीराचे नाव येते. तीच रीत दादांनी धरली. त्यांच्या अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेले असते. ती त्यांची सही. आता मिरवणुकीत काय होते ते आठवा. ध्रुवपद, एक कडवे, पुन्हा ध्रुवपद आणि लगेच पुढचे गाणे. शेवटचे कडवे कापले जाते आणि त्याबरोबर कवीची सहीही कापली जाते. कॅसेटच्या जमान्यात गायकाचे नाव ठळक आणि कवीचे बारीक छापले जाई, कधी छापलेच जात नसे. आज मोबाइलवर तर गाणे तुकड्या-तुकड्याने फिरते. त्यामुळे ज्याच्या आवाजात ऐकले त्याचेच ते गाणे, अशी मुलांची समजूत होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे थोर गायक आपल्याला लाभले, त्यांचा मान मोठाच आहे. पण गाणाऱ्याचा मान राखताना रचणाऱ्याचे नाव पुसले जाऊ नये.

आपण जुन्नरची माणसे. नावाचे मोल आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आणि खोदकामे आहेत. तिथल्या शिलालेखांत राजांपेक्षा साध्या दात्यांची नावे अधिक भेटतात. शिवनेरीच्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, तेही कोरून ठेवले आहे. मानमोडीच्या लेखांत वेळूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ज्याने टाके दिले त्याचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले. ज्याने समाजाला हजारो गाणी दिली, त्याचे नाव त्याच्या जाण्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत पुसट व्हावे, हे आपल्याला शोभणारे नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या बॉब डिलन या गीतकार-गायकाला साहित्याचे नोबेल मिळाले. गाणे हे साहित्य आहे हे जगाने मानले. आपण निदान आपल्या कवीचे नाव तरी घेऊ.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पैसा लागत नाही, थोडी चिकाटी लागते. एक, जयंतीत कोणतेही गाणे सुरू होण्याआधी सूत्रसंचालकाने कवीचे नाव मोठ्याने घ्यावे आणि निदान एक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणावे. दोन, आपल्या बेल्हे पंचक्रोशीतल्या ज्येष्ठांना जी गाणी तोंडपाठ आहेत ती विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावीत, शक्य तर आवाजासह. छापील संग्रहांत न आलेली कितीतरी गाणी फक्त अशा माणसांच्या जिभेवर आहेत आणि ती माणसे कायमची राहणार नाहीत. वहीत गाण्याबरोबर ते कोणाकडून मिळाले, कुठे ऐकले, हेही लिहावे. तीन, ज्या गाण्याचा कवी ठाऊक नाही तिथे अंदाजाने 'वामनदादा' लिहू नये. दुसऱ्या एखाद्या अनामिक शाहिराचे गाणे दादांच्या नावावर चढवणे हाही अन्यायच होईल.

ही वही भरली की आपला वाद पुन्हा घालू. तेव्हा आपल्यापुढे पाच-दहा लाडकी गाणी नसतील, शे-दोनशे असतील. कदाचित तेव्हा माझेही मत बदलेल. कोण्या आजीच्या ओठावर असलेले, कोणी न छापलेले गाणे सर्वांवर मात करील आणि मला त्याचा आनंदच होईल.