क्यासनूरचा ताप

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. तेथून सह्याद्रीचे कडे दिसत नाहीत. परंतु शहराच्या नळांना येणारे कावेरीचे पाणी सह्याद्रीतच उगम पावते आणि सुमारे 100 किलोमीटरांवरून चढ चढवून आणले जाते. या नगरीचे डोंगराशी असलेले नाते एवढ्यावर संपत नाही. शहराच्या उत्तर अंगाला हेब्बाळ, जक्कूर आणि येलहंका ही उपनगरे आहेत. हेब्बाळला जनावरांच्या लसी तयार करणारी कर्नाटक शासनाची संस्था आहे; जक्कूरला 1996 साली स्थापन झालेली, परिसरविज्ञानाला वाहिलेली 'एट्री' ही संस्था आहे; येलहंक्याला पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी 'निवेदी' ही राष्ट्रीय संस्था आहे. या तिन्ही संस्थांना एकत्र गुंफणारा धागा म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी एक रानगोचीड आणि तिच्यामुळे माणसाला होणारा ताप. कानडी मुलखात त्याला 'मंगन कायिले' म्हणतात. कोकणात तो माकडताप या नावाने ओळखला जातो.

या तापाचा इतिहास 1957 च्या मार्च महिन्यात सुरू होतो. शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या रानात, माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने आजारी पडू लागली. प्रथम शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील तो भयंकर रोग भारतात आजवर आलेला नाही. तो आला असता तर केवढा अनर्थ ओढवला असता, याची कल्पना करणेही कठीण आहे. पाच वर्षांपूर्वीच पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. तेथील टेलफोर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी क्यासनूरला गेले. त्यांनी शोधून काढलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. तो निराळाच, रशियातील गोचिडीच्या तापांशी नाते सांगणारा निघाला. रोगाला त्या रानाचेच नाव मिळाले.

'माकडताप' हे नाव सोयीचे असले तरी माकडावर अन्याय करणारे आहे. काळ्या तोंडाचे वानर काय किंवा लाल तोंडाचे माकड काय, दोघेही या रोगाचे बळीच होत. आजारी माकडाच्या रक्तावर पोसलेल्या गोचिडी ते मेल्यावर त्याच्या अंगावरून उतरतात, भोवतीच्या पाचोळ्यात पसरतात आणि ती जागा धोक्याची होते. माणसाला रोग होतो तो गोचीड चावल्याने किंवा आजारी, मेलेल्या माकडाला हात लावल्याने. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला तो होत नाही. एकाएकी भरणारा ताप, डोकेदुखी, अंगाचा ठणका, कधी हिरड्यांतून व नाकातून रक्त, आणि काहींना बरे वाटू लागल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटणारा, मेंदूवर परिणाम करणारा ताप, असा त्याचा क्रम आहे. शंभरांतील तीन ते पाच रोगी दगावतात. त्यावर नेमके औषध नाही. रोग्याची शुश्रूषा करणे आणि शरीरातील पाणी व रक्तदाब सांभाळणे एवढेच वैद्याच्या हाती असते.

या गोचिडीचे आयुष्य पावसाशी बांधलेले आहे. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गुराढोरांच्या अंगावर पोसते आणि खाली पडून पाचोळ्याच्या ओलाव्यात अंडी घालते. पाऊस सरल्यावर अळ्या बाहेर येतात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत मधल्या अवस्थेतील पिल्ले रानात वावरतात. माणसाला चावतात ती मुख्यतः हीच. आणि नेमके हेच महिने माणसाने रानात जाण्याचे असतात. शेतातली कामे आटोपलेली असतात. सरपण साठवायचे असते. मलनाडात सुपारीच्या बागांसाठी पालापाचोळा आणावयाचा असतो. कोकणात भाताच्या रोपांचा राब भाजण्यासाठी पातेरा गोळा करावयाचा असतो. काजूचा हंगामही तेव्हाच येतो.

कोलंबियातून पुण्याच्या केंद्रात आलेले शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी 1969 साली या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. विषाणू रानात पूर्वीपासून असावा, असे त्यांचे मत होते. मग साथ आताच का उद्भवली? त्यांचे उत्तर असे की भातशेतीसाठी रान तोडले गेले, कडेला घाणेरीची झुडपे माजली आणि गावची गुरे रानात चरू लागली. गुरांच्या रूपाने गोचिडीला आयते अन्न मिळाले आणि तिची संख्या वाढली. त्या काळी हा विचार धाडसाचाच होता.

अर्धशतकानंतर बंगळूरच्या संशोधकांनी ब्रिटनमधील परिसरशास्त्रज्ञ आणि कर्नाटकातील आरोग्याधिकारी यांच्या साहाय्याने हेच सूत्र पुन्हा हाती घेतले. त्यांचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे सदाहरित रान आणि बागायत यांची सरमिसळ आहे व देशी गुरे पुष्कळ आहेत, तेथे रोगाचा धोका अधिक, असे त्यांना आढळले. या कामाची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. आरोग्य, पशुसंवर्धन व वन या खात्यांचे अधिकारी प्रारंभापासूनच संशोधकांबरोबर बसले आणि नकाशात कोणत्या गोष्टी धराव्यात हे त्यांनी मिळून ठरविले. ज्यांना शासकीय खात्यांचा थोडाबहुत अनुभव आहे त्यांना हे किती दुर्मिळ आहे ते सांगण्याची गरज नाही. एरवी माकड वन खात्याचे, गाय पशुसंवर्धनाची आणि रोगी आरोग्य खात्याचा. गोचीड मात्र कोणाचीच नसते!

दरम्यान रोगाने आपली हद्द ओलांडली. 2012 च्या सुमारास तो बंदीपूरच्या रानात दिसला, त्यानंतर निलगिरी आणि वायनाडमध्ये, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात. बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या काजूबागांत कामाला गेलेल्या मजुरांनाही तो झाला. ही माणसे पोटासाठी घाट उतरतात आणि ताप अंगात घेऊन परततात. गावच्या डॉक्टरला त्यांनी कोठे काम केले हे ठाऊक नसल्यास रोगाचे निदानच चुकते.

या प्रसाराचे खापर एकट्या हवामानबदलावर फोडण्याचा मोह टाळला पाहिजे. ओलावा, ऊन आणि पावसाचा काळ यांवर गोचिडीचे जीवनचक्र अवलंबून आहे, हे खरे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. पाऊस असा आपली चाल बदलू लागला की गोचिडीच्या हंगामाचे जुने आडाखेही पुन्हा तपासावे लागतात. परंतु रान कोणी तोडले, कडेला काय लावले आणि गुरे कोठे चरली, ही उत्तरे आकाशात नाहीत. ती तलाठ्याच्या दप्तरात सापडतात.

लसीची कथा फारशी समाधानकारक नाही. कर्नाटकात 1990 पासून दिली जाणारी लस हेब्बाळच्या संस्थेत तयार होत असे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे 83 टक्के संरक्षण मिळे. इंजेक्शन दुखे आणि ते पुनःपुन्हा घ्यावे लागे. लोक टाळाटाळ करीत. पुढे लसीची ताकद अपुरी ठरू लागली आणि 2022 मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नवीन लसीचे काम हाती घेतले.

रानात जाऊ नये, हा सल्ला देणे सोपे आहे. ज्यांची चूल त्या सरपणावर पेटते त्यांना तो देण्यात अर्थ नाही. म्हणून अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल चोळावे, घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून स्नान करावे आणि कपडे कढत पाण्यात धुवावेत, असे सांगितले जाते. माकड मेलेले दिसल्यास त्याला हात न लावता कळवावे. मग त्या जागेभोवती सुमारे 50 फुटांपर्यंत कीटकनाशकाची भुकटी टाकली जाते. ही वर्दी देणारा माणूस बहुधा अधिकारी नसतो. पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन पायवाटेने परतणारी एखादी बाईच ते माकड प्रथम पाहते, आणि तिने ते कोणाला सांगावे हे तिला आधी कोणी सांगितलेले असावे लागते.