नळाचा वायसर



कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती पाना-पक्कड यायची, आम्हा मुलींच्या हाती सुई-दोरा. हे गेल्यावर मी एकटीसाठी जुना फ्लॅट घेतला, तेव्हा ती उणीव कळली. स्वयंपाकघरातला नळ रात्रभर ठिबकायचा. प्लंबर तीनदा ‘उद्या येतो’ म्हणाला. शेवटी मीच मेन कॉक बंद केला, नळ उघडला, झिजलेला वायसर बदलला. पुढे न्हाणीघरातला नळ बसवताना टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळली, ती सुटून आली. आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, हे चुकूनच शिकले.

ठिबक थांबली त्या रात्री नव्या घरात पहिल्यांदा शांत झोप लागली.

बाई, तुमची सुईही वाया गेली नाही. पडदे मीच शिवले. आता शाळेत मुलींना पाना आणि मुलांना सुईही द्या, एवढंच मागणं.