दुखणे थांबले, धोका वाढला



२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा दुबळ्या होतात. आधी तळपायांना मुंग्या येतात, आग होते. पुढे पाय बधिर होतात. दुखणे थांबले म्हणून आपण निर्धास्त होतो. खरा धोका तेथूनच सुरू होतो. साताऱ्याच्या शेतात काटा रुतला वा सांगलीच्या उन्हात तापलेल्या फरशीने पाय भाजला, तरी कळत नाही. जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो.

पालकांनो, साखर आटोक्यात ठेवा. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. मुलांनो, रोज रात्री आई-वडिलांचे तळवे पाहा. आपल्या शिक्षणाचा घराला एवढा तरी उपयोग व्हावा.