पावती मागा!

(तळेरे, ता. कणकवली येथील बैठकीत केलेले भाषण)



तळेरे हे नाक्याचे गाव. मुंबई-गोवा रस्ता इथून जातो. एक फाटा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला, दुसरा विजयदुर्गाला. तुमचा हापूस याच रस्त्यांनी बाजारात जातो. मी आलो कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून. पिके वेगळी, पण पोलिसाचा हात आडवा झाला की पोटात गोळा सारखाच येतो.

आम्हाला नाके नवे नाहीत. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. स्वतःच्या रानातला कापूस राज्याबाहेर विकायला नेला की गाडी अडवत. ज्वारीला लेव्ही होती, जिल्हाबंदी होती. ते नाके उठले. आता गाडी थांबते ती मोटार वाहन कायद्याखाली. पण या कायद्यात चालकाच्या बाजूचेही काही लिहिले आहे. ते आपण वाचत नाही.

चिरीमिरी मागणारा आपल्या चुकीवर जगत नाही, आपल्या घाईवर जगतो. आंबा पिकतो आहे, जिनिंगसमोर रांग लागली आहे, गाडीचे भाडे चढते आहे. म्हणून 'दोनशे घ्या आणि सोडा' असे आपणच म्हणतो.

१९८८ च्या कायद्याचे कलम १३० सांगते, गणवेशातल्या पोलिसाने मागितला की परवाना दाखवायचा. तिथे हुज्जत नको. पण कागद मोबाईलमध्ये, डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर असले तरी २०१८ पासून चालतात. कलम २०६ प्रमाणे परवाना काढून घेतला तर पोच द्यावीच लागते आणि परवाना परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी होईल तोवर, त्या पोचेवर गाडी चालवता येते. दारू पिऊन किंवा बेफाम वेगाने चालवणे अशा गुन्ह्यांत मात्र २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत काढली आहे.

आता जादा वजन. केंद्राच्या कायद्यात २०१९ पासून दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. या आकड्याच्या धाकावरच सौदा होतो. पण वजन डोळ्यांनी ठरत नाही. कलम ११४ खाली अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने गाडी काट्यावर न्यायला सांगितले पाहिजे आणि तो काटा पुढच्या वाटेपासून १० किलोमीटरच्या किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असला पाहिजे. 'काट्यावर चला' एवढे म्हणायला शिका. अर्थात, ते म्हणायचे तर भरतीही मापात हवी. व्यापाऱ्याच्या सोयीसाठी दोन टन जास्त भरले तर कायदा आपल्या बाजूने उभा राहणार नाही.

बाहेरच्या देशांत काय आहे? इंग्लंडचा रस्ता वाहतूक कायदाही १९८८ चाच. तिथे गणवेशातला पोलीस कोणतीही गाडी थांबवू शकतो. पण परवाना जवळ नसला तर सात दिवसांत पोलीस ठाण्यात नेऊन दाखवता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली ठरवले की काही संशय नसताना, नुसता परवाना बघायला, मनाला येईल ती गाडी थांबवता येणार नाही. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की ज्या कामासाठी गाडी थांबवली ते संपल्यावर चालकाला विनाकारण खोळंबून ठेवता येणार नाही. संशयाची अट आपल्या कलम १३० मध्ये नाही. पण चालकाच्या वेळेलाही किंमत आहे, हे तिथल्या कायद्याने ओळखले आणि आपल्या कलम २०६ मधली पोचही त्यासाठीच आहे.

तेव्हा गावी गेल्यावर चार गोष्टी करा. गाडी निघण्यापूर्वी विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, पीयूसी तपासा. मालासोबत एकट्याला पाठवू नका, दुसरा माणूस द्या. चलान मान्य नसेल तर न्यायालयात जाता येते, हे चालकाला सांगून ठेवा. आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

एकटा चालक तासभर थांबू शकत नाही, हे मला माहीत आहे. त्या तासाचे नुकसान सगळ्या गावाने वाटून घेतले तर तो थांबेल. चार गाड्या अशा थांबल्या, चौघांनी पावती मागितली, की पाचव्या गाडीला हात करताना तोही विचार करील.