मधुमेही मुलाची भावंडे



घरात लहान मुलाला मधुमेह झाला, की आईला लगेच धास्ती वाटते, "आता धाकटीलाही होईल का?" आम्ही बँकेत आकडे जुळवणारी माणसे, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आकड्यांतच आहे, म्हणून बोलायला उभे आहोत.

लहानपणी होणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. तो गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना परके समजून नष्ट करतात. रखवालदारानेच खातेदाराला चोर ठरवावे, तसा हा प्रकार.

आपले कोण, परके कोण, हे ओळखण्यात सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा मोठा वाटा असतो. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. सख्ख्या भावंडांना दोन्ही संच सारखे मिळण्याची शक्यता चारात एक. एकही सारखा न मिळण्याचीही चारात एक. म्हणून एका ताटात जेवणाऱ्या भावंडांचाही धोका सारखा नसतो. पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारणपणे २५० मुलांत सुमारे एकाला, तर रुग्णाच्या भावंडांत १०० मध्ये पाच-सहा जणांना हा आजार होतो. धोका वाढतो हे खरे. पण बहुसंख्य भावंडे सुटतात, हेही तितकेच खरे.

या हल्ल्याची खूण, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तात आधीच दिसू शकते. अमेरिका, फिनलंड व जर्मनीतील मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन किंवा अधिक प्रतिपिंडे आढळलेल्या सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध आजार लांबवते, कायमचा टाळत नाही.

अशी तपासणी प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. पण फार तहान, वारंवार लघवी, मोठ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे, वजन घटणे, असे दिसताच त्याच दिवशी रक्तातील साखर तपासणे आवाक्यात आहे. उशीर जिवावर बेततो.

आणखी एक विनंती. बहुतेक रुग्ण मुलांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो. तेव्हा सुनेच्या माहेराला दोष देऊ नका. बहिणीचे लग्न अडेल म्हणून भावाचे इन्सुलिन लपवू नका. लपवाछपवीत सुई चुकते आणि मूल दगावते. विद्यार्थी मित्रांनो, एवढे तरी आपापल्या घरी समजावून सांगा.